ले-ऑफ की रिट्रेंचमेंट? सही करण्याआधी एवढं पाहा

चाकणच्या कारखान्यात कुणी म्हणालं, ‘आम्हाला ले-ऑफ दिलाय,’ की ऐकणारा विचारतो, ‘किती दिवसांचा?’ हिंजवडीत कुणी म्हणालं, ‘माझा ले-ऑफ झाला,’ की ऐकणारा विचारतो, ‘मग आता दुसरीकडे बघतोयस का?’ दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर तासा-दीड तासाचं, शब्द तोच, आणि अर्थ पार वेगळे. हिंजवडीतला अर्थ अमेरिकन कंपन्यांच्या ई-मेलमधून आला. तिकडे ‘लेड ऑफ’ म्हणजे नोकरी गेली, विषय संपला. भारतातला कायदा मात्र चाकणवाल्याच्या बाजूने आहे. आपल्याकडे ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून काही काळ बसवून ठेवणं. कायमचं कामावरून कमी करणं याला कायद्यात रिट्रेंचमेंट म्हणतात. वर्तमानपत्रं दोन्हींना सरसकट ‘नोकरकपात’ म्हणून मोकळी होतात. वाचणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही, पण ज्याच्या हातात कागद पडलाय त्याचं बिघडतं. कारण ले-ऑफचे पैसे वेगळे आणि रिट्रेंचमेंटचे वेगळे. त्यातच कुणी तिसऱ्याच कागदावर सही करून घेतली, तर दोन्ही गेले.

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, पण या दोन शब्दांच्या व्याख्या त्यात १९५३ साली आल्या. त्या वेळी कापड गिरण्यांमध्ये न विकलेल्या मालाचे ढीग साठले होते आणि मोठ्या प्रमाणावर कामगारांना बसवून ठेवलं जाईल अशी भीती होती. म्हणून आधी वटहुकूम आला, मग कायद्यात दुरुस्ती झाली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. कलमांचे क्रमांक बदलले, काही आकडे बदलले, पण या दोन व्याख्यांचा गाभा तोच राहिला.

आधी ले-ऑफ. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल पडून आहे, मशिनरी बंद पडली, पूर आला, अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराचं नाव मस्टरवर आहे आणि त्याला कमी केलेलं नाही. हा ले-ऑफ. सगळी मदार ‘नाव मस्टरवर आहे’ या तीन-चार शब्दांवर आहे. नाव आहे तोवर नोकरी आहे. सेवेत खंड नाही, ग्रॅच्युइटीची वर्षं चालू आहेत, आणि सलग सेवेसाठी जे २४० दिवस मोजतात, त्यातही ले-ऑफचे दिवस धरले जातात.

कायद्याने यात दोन तासांचा एक नियम घालून ठेवलाय, तो गेटवर उभ्या असलेल्या माणसाला माहीत हवा. समजा पहिली पाळी सातची आहे. तुम्ही सातला हजर झालात आणि नऊपर्यंत काम मिळालं नाही, तर त्या दिवसापुरते तुम्ही ले-ऑफवर. सातला सांगितलं, ‘आता जा, दुपारच्या निम्म्या पाळीला या,’ आणि त्या वेळी काम दिलं, तर ले-ऑफ फक्त अर्ध्या दिवसाचा. आणि दुपारी बोलावूनही काम दिलं नाही, तर त्या उरलेल्या अर्ध्या पाळीचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता पूर्ण मिळतो, निम्मा नव्हे. बोलावून परत पाठवण्याची ही किंमत मालकाने मोजायची असते. टाइम ऑफिसमध्ये हा नियम माहीत असतो, पण कुणी विचारल्याशिवाय आपणहून सांगत नाहीत.

म्हणूनच ‘घरी बसा, फोन करू’ या तोंडी निरोपावर विसंबू नका. ले-ऑफ चालू असला तरी मस्टर ठेवणं आणि हजर झालेल्यांची नोंद करू देणं हे मालकाचं काम आहे. कामगाराचं काम म्हणजे ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा तरी जाऊन हजेरी लावणं. ती लावली नाही तर त्या दिवसाची भरपाई मागता येत नाही. रोज जाणं परवडत नसेल आणि व्यवस्थापनच ‘येऊ नका’ म्हणत असेल, तर तसं लेखी घ्या. नोटीस बोर्डाचा मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा चालेल, फक्त त्यावर तारीख आणि सही दिसली पाहिजे.

आता पैसे. नियम सांगतो, मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के. लोक याला ‘निम्मा पगार’ म्हणतात आणि तिथेच फसतात. समजा हातात येणारा महिन्याचा एकूण पगार २६,००० रुपये आहे. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२००, बाकीचे ७,८०० घरभाडं आणि प्रवासभत्ता. २६ दिवसांनी भागलं तर बेसिक आणि डीए रोजचे ७०० होतात, त्याचे निम्मे ३५०. बारा दिवसांचा ले-ऑफ झाला आणि त्यात दोन साप्ताहिक सुट्या आल्या, तर सुट्यांचे पैसे नाहीत. उरलेल्या दहा दिवसांचे मिळाले ३,५००. काम असतं तर याच दहा दिवसांचे १०,००० मिळाले असते. म्हणजे निम्मा पगार म्हणता म्हणता हातात एक तृतीयांशाच्या थोडं वर आलं. घरखर्च ठरवताना हा आकडा धरा.

तेही सगळ्यांना नाही. आस्थापनेत किमान ५० कामगार हवेत, काम हंगामी नको, आणि कामगाराची एक वर्षाची सलग सेवा हवी. बदली कामगाराला भरपाई नाही, पण त्याने स्वतःचं वर्ष पूर्ण केलं असेल तर तो कायद्याच्या दृष्टीने ‘बदली’ राहत नाही. गिरण्यांमधला हा शब्द पुढे जसाच्या तसा देशाच्या कायद्यात गेला. त्याच मालकाने जवळपास, त्याच पगारावर दुसरं काम देऊ केलं आणि तुम्ही नाकारलंत, तरी भरपाई जाते. कारखान्याच्या दुसऱ्या विभागात संप किंवा काम-संथ आंदोलन असेल आणि त्यामुळे तुमच्यावर ले-ऑफ आला, तरीही जाते. हे शेवटचं मला अन्यायाचं वाटतं. शेजारच्या शॉपमधल्या संपाशी याचा काय संबंध? पण नियम असा आहे.

बारा महिन्यांत ४५ दिवसांची भरपाई दिल्यावर पुढच्या दिवसांची भरपाई देणार नाही, असा करार मालक कामगारांशी करू शकतो. करार नसेल तर पुढेही द्यावी लागते. मात्र ४५ दिवसांनंतर मालकाला दुसरी वाट मोकळी होते: रीतसर रिट्रेंचमेंट. आणि मागच्या बारा महिन्यांत दिलेली ले-ऑफची भरपाई तो रिट्रेंचमेंटच्या रकमेतून वळती करून घेऊ शकतो. ले-ऑफ लांबत चालला की युनियनचे जुने लोक अस्वस्थ होतात ते यामुळेच.

मोठ्या कारखान्यांची गोष्ट निराळी. जुन्या कायद्यात १०० कामगारांची मर्यादा होती, नव्या संहितेत ती ३०० झाली. तेवढे किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर ले-ऑफसाठीही सरकारची आगाऊ परवानगी लागते. वीज नसणं किंवा नैसर्गिक आपत्ती ही कारणं मात्र अपवाद. सरकारने ६० दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथल्या बहुतेक सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या ३०० च्या खाली आहेत, त्यामुळे त्यांच्या कामगारांना या परवानगीचा आधार नाही.

मग रिट्रेंचमेंट. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘कामावरून कमी केलं.’ हा शब्दप्रयोग अगदी नेमका आहे. शिस्तभंगाची शिक्षा सोडून इतर कोणत्याही कारणाने मालकाने सेवा संपवली, तर ते रिट्रेंचमेंट. स्वेच्छानिवृत्ती यात येत नाही, वयोमानाप्रमाणे निवृत्ती येत नाही, मुदतीच्या कराराची मुदत संपणंही येत नाही.

या व्याख्येवरून आपल्याकडचा एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी. तिची रेल्वे सरकारने १९५४ च्या पहिल्या दिवसापासून ताब्यात घ्यायचं ठरवलं आणि कंपनीने ३१ डिसेंबर १९५३ पासून सेवा समाप्त होत असल्याची नोटीस सगळ्या कामगारांना दिली. बहुतेकांना सरकारी रेल्वेने घेतलं. तरीही ‘आम्हाला कंपनीने कमी केलं, भरपाई द्या,’ असा दावा उभा राहिला. नोव्हेंबर १९५६ मध्ये न्यायालय म्हणालं, रिट्रेंचमेंट म्हणजे चालू धंद्यात जास्तीची माणसं कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हातात गेला, तर त्याला रिट्रेंचमेंट म्हणता येणार नाही. कामगार हरले. पण निकालाने उघडी पडलेली फट संसदेला बुजवावी लागली. काही महिन्यांतच कायद्यात नवी कलमं आली, आणि कारखाना बंद झाला किंवा मालकी बदलली तरी कामगाराला भरपाई मिळण्याची सोय झाली. पुढे १९७६ मध्ये स्टेट बँकेच्या सुंदर मनी खटल्यात न्यायालयाने ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा अर्थ रुंद केला, आणि १९९० मध्ये घटनापीठाने तोच कायम केला. म्हणून ‘तू जास्तीचा नव्हतास, त्यामुळे हे रिट्रेंचमेंट नाही,’ असं आता कुणी सांगत असेल, तर तो १९५६ मध्येच राहिलाय.

रिट्रेंचमेंट करायचं तर मालकाला तीन गोष्टी कराव्या लागतात. कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यायची किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यायचा, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. आणि सरकारला कळवायचं. ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात नोटीस तीन महिन्यांची, शिवाय सरकारची परवानगी. लक्षात घ्या, ले-ऑफच्या भरपाईसाठी ५० कामगारांची अट आहे, रिट्रेंचमेंटच्या भरपाईसाठी ती नाही. पंधरा माणसांच्या शेडमध्येही एक वर्ष सलग काम केलेल्याला ती मिळते. छोट्या उद्योजकांना हे ऐकून धक्का बसतो, पण ते पहिल्यापासून तसंच आहे.

वरच्याच कामगाराची सेवा ८ वर्षं ७ महिने झाली असेल, तर वर्षं धरायची ९. नव्या व्याख्येप्रमाणे घरभाडं आणि प्रवासभत्ता वेतनात येत नाहीत. हे आणि असे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तरच वरचा भाग वेतनात मिळवतात. इथे तसं नाही, म्हणून वेतन १८,२०० धरू. महिना ३० दिवसांचा धरला तर १५ दिवसांचे ९,१००, नऊ वर्षांचे ८१,९००. नोटिशीचा पगार १८,२००. ग्रॅच्युइटी वेगळी. तिथे सूत्रच २६ ने भागायचं आहे, म्हणून १५ दिवसांचे १०,५०० आणि नऊ वर्षांचे ९४,५००. एकूण १,९४,६००, शिवाय शिल्लक रजेचे पैसे. रिट्रेंचमेंटच्या हिशेबातही २६ ने भागा असा आग्रह कामगार संघटना धरतात, तसं झालं तर १२,६०० आणखी वाढतात. हिशेबाचा कागद मागून भागाकार कितीने केलाय ते आधी पाहा, मगच पैसे घ्या.

याच माणसाने ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ अशा दोन ओळींवर सही केली, तर त्याला ग्रॅच्युइटीचे ९४,५०० आणि रजेचे पैसे मिळतील. वरचे एक लाख शंभर रुपये गेले. त्या दोन ओळी तयार टाइप करून ठेवलेल्या असतात. ‘रेकॉर्ड स्वच्छ राहील, दुसरीकडे नोकरी मिळायला सोपं जाईल,’ असं सांगून कागद पुढे सरकवला जातो. राजीनामा बळजबरीने घेतला असं नंतर म्हणता येतं, पण ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून त्या टेबलावर सही करू नका. ‘घरी वाचून उद्या उत्तर देतो,’ एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. संध्याकाळी एक ई-मेल टाका: आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी राजीनामा दिलेला नाही, सेवा संपवायची असेल तर कारणासह लेखी आदेश द्यावा. भाषा मराठी असली तरी चालेल. ऑफिसचा लॉगिन बंद होणार असेल तर स्वतःच्या खात्यावरून पाठवा.

स्वेच्छानिवृत्ती योजनेचं मात्र वेगळं आहे. तीही रिट्रेंचमेंट नव्हे, पण तिच्यात अनेकदा कायद्यापेक्षा जास्त रक्कम देऊ केलेली असते. तिथे भावनेला बाजूला ठेवून वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडा आणि मगच ठरवा.

आयटीतल्या मंडळींचा प्रश्न इथे येतोच: हे सगळं आम्हाला लागू आहे का? संहितेत ‘कामगार’ म्हणजे शारीरिक, तांत्रिक, कारकुनी, विक्रीचं वगैरे काम करणारा. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा नाही, आणि देखरेखीचं काम करून महिना १८,००० पेक्षा जास्त घेणाराही नाही. मुद्दा पदनामाचा नाही, प्रत्यक्ष कामाचा आहे. व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ असून दिवसभर कोड लिहिणारा माणूस आपण कामगार आहोत असं म्हणू शकतो, पण कंपनी त्याला विरोध करील आणि निकाल त्याच्या रोजच्या कामाच्या पुराव्यावर लागेल. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत, जो रजा मंजूर करतो, अप्रेझल लिहितो, त्याला नेमणूकपत्रातल्या नोटीस पिरियडवरच भागवावं लागतं. अशांनी सेव्हरन्सची वाटाघाट करायची. कंपनीच्या ई-मेलमध्ये ‘ले-ऑफ’ लिहिलंय म्हणून ५० टक्के वगैरे मागू नये, तिथे त्या शब्दाला तो अर्थ नाही.

परदेशातल्या मराठी मुलांनी तर तिथला अर्थच धरावा. अमेरिकेत मोठ्या कपातीसाठी १९८८ चा एक कायदा आहे. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना त्याप्रमाणे ६० दिवस आधी सूचना द्यावी लागते. एच-वन-बी व्हिसावर असाल, तर नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी नोकरी किंवा दुसरी सोय बघावी लागते. हे दोन साठ वेगवेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका. इंग्लंडमध्ये पुन्हा आपल्यासारखंच: तिथे ले-ऑफ तात्पुरता, आणि कायमची कपात म्हणजे रिडन्डन्सी.

आपल्याकडे परत येऊ. कुणाला आधी कमी करायचं यालाही नियम आहे. एकाच प्रकारच्या कामातला जो सर्वांत शेवटी लागला, तो साधारणपणे आधी जातो. हा क्रम मोडायचा तर मालकाने कारण नोंदवायला हवं. ज्येष्ठतेची यादी मागा. शिवाय संहितेने एक नवी तरतूद केलीय: रिट्रेंचमेंट झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या १५ दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. आपल्या उदाहरणात ते आणखी नऊ-दहा हजार होतात. फुल अँड फायनलच्या कागदावर ही रक्कम दिसत नाही, कारण ती कंपनी थेट देत नाही. त्यामुळे ती मागायची राहून जाते. बँक खातं चालू ठेवा आणि पाठपुरावा करा.

आयकरात रिट्रेंचमेंटच्या भरपाईला ठरावीक मर्यादेत, जास्तीत जास्त ५ लाखांपर्यंत सूट आहे. कागदावर ‘एक्स ग्रेशिया’ असं मोघम लिहिलं तर ती सूट मिळवताना अडचण येते, म्हणून तिथे ‘रिट्रेंचमेंट कॉम्पेन्सेशन’ हे शब्द लिहून घ्या. ईएसआयमध्ये नाव असेल, तर शाखा कार्यालयात बेकारी भत्त्याची चौकशी करा. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे, तीत कमाल ९० दिवसांचा भत्ता असतो. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की नोकरी कशी सुटली.

वाद घालायचा असेल तर तक्रार कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे करायची. ४५ दिवसांत समेट झाला नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. जुन्या कायद्यात सेवा संपल्यापासून तीन वर्षांची मुदत होती, आता समेटाकडे जायला दोनच वर्षं आहेत. ‘साहेब म्हणालेत, बघू’ या भरवशावर ती बघता बघता निघून जातात. नेमणूकपत्र, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र आणि आलेले आदेश यांच्या प्रती घरी ठेवा. कंपनीच्या पोर्टलवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, पोर्टल शेवटच्या दिवशी बंद होतं.

आणि कारखाना सोडताना टाइम ऑफिसमध्ये सध्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर लेखी द्या, पोच घ्या. रिट्रेंचमेंटनंतर एका वर्षाच्या आत त्याच जागी नवी भरती निघाली, तर आधी कमी केलेल्यांना संधी द्यावी लागते, आणि बाहेरच्या उमेदवारांपेक्षा त्यांना प्राधान्य असतं. बोलावणं पाठवलं होतं पण पत्त्यावर कुणी सापडलं नाही, असं उत्तर कंपनीला देता येऊ नये.